बारा व्होल्ट म्हणजे नक्की किती? फवारणीच्या पंपापासून मिठाच्या बॅटरीपर्यंत

गेल्या पावसाळ्यात अमळनेरजवळच्या आमच्या शेतात कपाशीवर फवारणी चालू होती. आबांच्या पाठीवर चार्जिंगचा पंप. एरवी एका चार्जिंगमध्ये पंधरा-वीस टाक्या सहज निघतात, पण त्या दिवशी नवव्या टाकीलाच मोटारीचा आवाज बसला. फवाऱ्याऐवजी नोझलमधून थेंब गळायला लागले आणि आबा सरीतच उभे राहिले. "बॅटरी ते नवी शे ना भो, मंग काब बंद पडनी?"

बॅटरी खरंच नवी होती, जेमतेम महिन्याभराची. आधी पंपात शिशाची बॅटरी होती, अडीच किलोची. पाठीवर वीस लिटर पाणी, त्यात ही अडीच किलोची वीट. दुकानदार म्हणाला, लिथियम टाका, हलकी असते आणि जास्त चालते. यात त्याचं चुकलं काही नाही. चुकलं ते पुढे. चार्जर बदलायचा का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "जुनाच चालेल, दोन्ही बाराच व्होल्ट आहेत."

संध्याकाळी पंप दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने बुडाचे चार स्क्रू काढून बॅटरी बाहेर घेतली आणि वरचं निळं प्लास्टिक ब्लेडने फाडलं. आत अंगठ्याएवढे सहा सेल, दोन-दोनच्या तीन जोड्या, पातळ निकेलच्या पट्टीने एकमेकांना जोडलेले. बाहेरच्या कागदावर ठळक अक्षरात १२ व्होल्ट छापलेलं होतं. आतल्या बारक्या चिठ्ठीवर मात्र ११.१. तो हसला, मीटरची टोकं एकेका सेलला लावत गेला आणि एका जोडीवर थांबला. "यातला एक गेला. अर्ध्या बॅटरीवर पंप ओढत होते तुम्ही."

हा ११.१ कुठून आला हे समजलं तर आज बाजारात येणाऱ्या, उद्या येऊ घातलेल्या आणि फक्त बातम्यांत येणाऱ्या बॅटऱ्यांबद्दल निम्मं कळलं म्हणून समजा.

माहेर आणि सासर

बॅटरीत वीज भरलेली असते असं आपण म्हणतो, पण टाकीत पाणी असतं तशी काही ती नसते. आत दोन वेगवेगळे पदार्थ असतात आणि एका जातीच्या कणांना त्यातला एक पदार्थ दुसऱ्यापेक्षा जास्त आवडतो. बॅटरीचा सगळा खेळ या आवडीवर चालतो.

लिथियमच्या बॅटरीत ते कण म्हणजे लिथियमचे आयन. प्लसच्या बाजूला धातूच्या ऑक्साइडचा किंवा फॉस्फेटचा थर असतो, ते त्यांचं माहेर. मायनसच्या बाजूला ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असतो तो कार्बन. ते सासर. चार्जर लावला की आयनांना माहेरातून उठवून सासरी नेऊन बसवावं लागतं. मनाविरुद्ध जाताहेत, म्हणून त्याला जोर लागतो. तो जोर म्हणजे आपल्या मीटरवर पडणारं युनिट. आणि पंपाचं बटण दाबलं की आखाजी आली, लेकींनी माहेरी जायचा सण! माहेरी जायला कुणाला ढकलावं लागतं? पाय आपोआप उचलतात. त्या ओढीतून मोटार फिरते.

पण आयन आतल्या आत गेले तर बाहेरची मोटार कशी फिरेल? गोम इथेच आहे. लिथियमच्या अणूबरोबर एक इलेक्ट्रॉनही असतो आणि दोघांचे रस्ते वेगळे ठेवलेले असतात. मधल्या द्रवातून, म्हणजे इलेक्ट्रोलाइटमधून, आणि बारीक भोकांच्या पडद्यातून फक्त आयन जाऊ शकतो. इलेक्ट्रॉनला आतून वाट नाही. त्याला बाहेरच्या तारेने, मोटारीतून, लांबचा वळसा घालून पलीकडे पोचावं लागतं. आपण त्या वळशावर मोटार बसवलेली असते, इतकंच.

ही ओढ किती जोराची, हे व्होल्टवरून कळतं. आणि ती त्या दोन पदार्थांवरच ठरते. सेल बोटाएवढा असो की पेटीएवढा, पदार्थ तेच तर व्होल्ट तेच. आकार वाढवला की सेल जास्त वेळ चालतो, व्होल्ट वाढत नाही.

लेबलवरचा पाढा

म्हणून प्रत्येक जातीच्या सेलचा एक ठरलेला आकडा असतो. शिशाच्या एका घराला २ व्होल्टच्या जरा वर. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सहा बुचं असतात ती उगाच नाहीत. सहा घरं, प्रत्येकी दोन, झाले बारा. शिशाची ही बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवली. सत्तावन्नच्या उठावानंतर अवघ्या दोन वर्षांनी! आजही आपल्या इन्व्हर्टरमध्ये मूळ तत्त्व तेच आहे.

लिथियमची एक जात आहे, तिच्या माहेरी निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असतात. तिचा सेल ३.७ व्होल्टच्या आसपास. दुसरी जात लोह आणि फॉस्फेटची, तिचा आकडा ३.२. आता आमच्या पंपाचं गणित करा. ३.७ त्रिक ११.१. म्हणजे आत पहिल्या जातीचे सेल होते, तीन टप्प्यांत जोडलेले. लोह-फॉस्फेटचे चार टप्पे केले असते तर चिठ्ठीवर १२.८ आलं असतं. बाहेरून दोन्ही 'बारा व्होल्ट'.

चार्जरच्या बाबतीत हा फरक घातक ठरतो. पहिल्या जातीचा सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. तीन टप्प्यांचे १२.६, त्यापुढे एक कणही भरायचा नाही. आमचा जुना चार्जर शिशाच्या बॅटरीचा, तो चौदाच्या वर जातो. म्हणजे महिनाभर आम्ही एकेका सेलला साडेचार व्होल्टच्या वर रेटत होतो. अशा वेळी अडवायला आत एक छोटी सर्किटची पट्टी असावी लागते. दुरुस्तीवाले तिला बीएमएस म्हणतात. ती प्रत्येक टप्प्यावर नजर ठेवते आणि भरला की दार बंद करते. आमच्या बॅटरीत ती पट्टीच नव्हती, शंभर-दीडशे रुपये वाचवले होते. नशीब इतकंच, की चांगल्या गोल सेलच्या टोपीखाली एक चकती असते. आत वायूचा दाब वाढला की ती उचलली जाते आणि सेल कायमचा मुका होतो. आमचा एक सेल मुका झाला तो असा. पेटू शकला असता.

लिथियमची कोणतीही वस्तू घेताना मी आता बाहेरचा मोठा आकडा बघतच नाही. बारीक अक्षरातला आकडा शोधतो आणि त्याला ३.२ ने किंवा ३.७ ने भागून बघतो. स्कूटरच्या बॅटरीवर ५१.२ लिहिलंय? ३.२ ने भागा, सोळा आले. लोह-फॉस्फेट. ४८.१ किंवा ५१.८ असेल तर ३.७ ने बरोबर तेरा किंवा चौदा येतात, म्हणजे निकेलवाली. विक्रेत्याला रसायन विचारलं तर तो वॉरंटी सांगतो. भागाकार खोटं बोलत नाही.

४५ अंशांत काय होतं

निकेलवाली आणि लोह-फॉस्फेट या दोघींत कोण चांगली, हे पुण्या-मुंबईत बसून ठरवलेलं आपल्याकडे लागू पडेलच असं नाही. मे महिन्यात भुसावळला, जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. बॅटरीच्या खोक्यावरचं आयुष्य मात्र २५ अंशांचं असतं. शिशाच्या बॅटरीचा जुना ठोकताळा असा, की त्यावर दर आठ-दहा अंशांना आयुष्य निम्मं. पाच वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी सतत ३५ अंशांत ठेवली तर अडीच वर्षांत मान टाकते. आपण दुकानदाराला शिव्या देतो, पण जिन्याखालच्या कोंदट कपाटात ती ठेवलेली आपणच असते.

लिथियमलाही ऊन सोसत नाही, पण कारण वेगळं. ग्रॅफाइटवर सुरुवातीलाच एक पातळ थर जमतो, दुधावर साय धरते तसा. तो हवाच असतो, त्याने आतलं रसायन सांभाळलं जातं. पण उष्णतेत ही साय जाड होत जाते आणि दर वेळी थोडं लिथियम तिच्यात अडकतं, ते परत कधी माहेरी जात नाही. बॅटरी पूर्ण भरून उन्हात ठेवली तर हे आणखी वेगाने होतं. म्हणून दुपारी धरणगावहून तापत आलेली स्कूटर लगेच चार्जिंगला लावू नये, तासभर सावलीत राहू द्यावी. आणि लग्नाला आठ दिवस गावाला जायचं असेल तर शंभर टक्के भरून ठेवण्यापेक्षा अर्ध्यावर ठेवून गेलेलं बरं.

आता आगीचं. निकेल-कोबाल्टच्या ऑक्साइडमधला प्राणवायू फार तापल्यावर सुटायला लागतो. म्हणजे सेल जळताना स्वतःच्या आगीला स्वतःच हवा पुरवतो. वाळू टाकून, कांबळं टाकून ती विझत नाही, एका सेलची दुसऱ्याला लागते. २०२२ च्या उन्हाळ्यात देशभरात विजेच्या स्कूटर पेटल्या आणि त्याच वर्षअखेर बॅटरीच्या तपासणीचे नियम कडक झाले. लोह-फॉस्फेटमध्ये हाच प्राणवायू फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो, सहजी सुटत नाही. ती जात जळतच नाही असं नाही, पण पेटायला जास्त तापावं लागतं आणि पेटली तरी भडका कमी.

मग सगळ्यांनी हीच का वापरू नये? वजनामुळे. एक किलोत किती वीज मावते ते बघा. शिशात ३०-४० वॉट-तास, लोह-फॉस्फेटच्या सेलमध्ये साधारण १५०, निकेलवाल्यात २५० पर्यंत. मोबाइलमध्ये, लांब पल्ल्याच्या मोटारीत हा फरक मोठा. घरातल्या इन्व्हर्टरला त्याचं काय? तो भिंतीला टेकून उभा असतो, त्याला कुठे पळायचंय! माझं मत विचाराल तर खानदेशात इन्व्हर्टर, स्कूटर आणि फवारणीचा पंप या तिन्हींना लोह-फॉस्फेटच. आबांच्या पाठीवर तेवढीच वीज अडीच किलोऐवजी पाऊण किलोत बसते, आणखी दोनशे ग्रॅम वाचवण्यासाठी पाठीशी आग कशाला बांधायची?

लिथियमच्या बॅटरीसाठी २०१९ चं रसायनाचं नोबेल तिघांना मिळालं. त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, त्या वयात नोबेल दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही. लोह-फॉस्फेटही त्यांच्याच टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतलं. १९९७ च्या त्या शोधनिबंधावर गुडइनफ यांच्या आधी दोन नावं आहेत, पाढी आणि नंजुंडस्वामी. आपल्याकडे ही नावं फारशी कुणाला माहीत नसतात.

मीठ, केळीची साल आणि कापूस

आता ज्याची सगळ्यात जास्त चर्चा आहे ते. बातम्यांत तिला 'मिठाची बॅटरी' म्हणतात. खरं नाव सोडियम-आयन. मीठ सोडियमचंच असतं म्हणून ते नाव पडलं, पण कारखान्यात सोडियम घेतात तो बहुतेक धुण्याच्या सोड्यापासून. आणि तो आपल्याला बाहेरून शोधत बसावं लागत नाही, शेजारी सौराष्ट्रात ढिगाने बनतो.

लिथियमची गोष्ट तशी नाही. ऑस्ट्रेलियातल्या खाणी, चिलीतली मिठागरं, आणि शुद्ध करायला पुन्हा चीन. २०२३ मध्ये जम्मूच्या रियासी भागात ५९ लाख टनांचा साठा असल्याचा प्राथमिक अंदाज जाहीर झाला, पेढे वाटल्यासारख्या बातम्या आल्या, पण अंदाज आणि खाण यात बरंच अंतर असतं. सोडियमचं म्हणाल तर समुद्राच्या एका लिटर पाण्यात ते ११ ग्रॅमच्या आसपास असतं. लिथियम त्याच लिटरात मिलिग्रॅमच्या पाचव्या भागाइतकंही नाही.

काम करण्याची पद्धत तीच, सासर-माहेर. फक्त लेक बदलली. सोडियमचा अणू लिथियमच्या तिपटीहून जड आणि आकाराने मोठा. म्हणून किलोमागे वीज कमी. चीनच्या सीएटीएल या कंपनीने २०२१ मध्ये पहिला सोडियम सेल दाखवला तो किलोला १६० वॉट-तासांचा होता, २०२५ चा १७५ चा. म्हणजे लोह-फॉस्फेटच्या शेजारी येऊन बसला. बाजारात मिळणारे पुष्कळ सेल मात्र याच्या बरेच खाली असतात.

मोठी अडचण सासरची निघाली. लिथियमला चालणारं ग्रॅफाइट सोडियमला चालत नाही. कण मोठा म्हणून तो मावत नाही, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण पोटॅशियम सोडियमहून मोठं, आणि ते त्याच ग्रॅफाइटमध्ये खुशाल बसतं! म्हणजे प्रश्न जागेचा कमी आणि सोयरीक जुळण्याचा जास्त. ग्रॅफाइट आणि सोडियमची पत्रिकाच जमत नाही.

यावर तोडगा निघाला तो हार्ड कार्बनचा. आमच्याकडे उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, करतात. वाळलेल्या बिबड्यांची नीट एकावर एक रचलेली चळत म्हणजे ग्रॅफाइट. तोच डबा प्रवासात आपटला, बिबड्यांचे तुकडे झाले, आडवे-तिडवे पडले, मध्ये पोकळ्या राहिल्या, की तो झाला हार्ड कार्बन. त्या तुकड्यांच्या फटींत आणि पोकळ्यांत सोडियम जाऊन बसतं. हा कार्बन तयार करायला झाडपाला, लाकूड, टरफलं असं काहीही हवा न लागू देता हजार-बाराशे अंशांना भाजावं लागतं. कोळसाच, पण फार काळजीने केलेला.

जळगाव जिल्ह्याच्या माणसाने खुर्चीत सावरून बसावं अशी जागा पुढे आहे. २०१४ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी सोडियम बॅटरीसाठी असा कार्बन केला तो केळीच्या सालीपासून. आणि दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, चिनी विज्ञान अकादमीतल्या गटाने केला तो कापसापासून. कापसाचा तंतू भाजला तरी आपली नळी सोडत नाही, तशाच पोकळ कार्बनच्या नळ्या मिळाल्या. केळी आणि कापूस! रावेर-यावलचा माल आणि अमळनेर-पारोळ्याचा.

लगेच सालीला भाव येईल असं मात्र कुणी समजू नये. प्रयोगशाळेत चार ग्रॅम करणं वेगळं आणि वर्षभर एकाच प्रतीचा टनावारी माल देणं वेगळं. ओल्या सालीत पाणीच जास्त, भाजून हातात येतं मूठभर. त्यापेक्षा नारळाच्या करवंटीसारखं कोरडं, टणक काही असेल तर परवडतं. त्या हिशेबाने आपल्याकडे कुणी प्रयोग करायचाच तर केळीच्या सालीपेक्षा पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा, करावा असं मला वाटतं. हंगाम संपल्यावर ती बांधावर पडून असते किंवा चुलीत जाते.

सोडियमच्या आणखी दोन गोष्टी मला आवडतात. लिथियमच्या सेलमध्ये मायनसच्या बाजूला तांब्याचा पातळ पत्रा लागतो, कारण अॅल्युमिनियम लिथियमशी मिसळून खराब होतं. सोडियम त्याच्या वाटेला जात नाही, म्हणून दोन्हीकडे अॅल्युमिनियम चालतं. तांब्याचा भाव माहीत असणाऱ्याला यातली बचत सांगायला नको. आणि सोडियमचा सेल पूर्ण शून्य व्होल्टपर्यंत उतरवून ठेवता येतो, ट्रकमधून नेताना त्यात आग लागायला वीजच नसते. लिथियमचा सेल असा शून्यावर नेला तर तो बिघडतो.

तिचं जाहिरातीतलं मोठं कौतुक म्हणजे ती कडाक्याच्या थंडीत, शून्याखाली वीस अंशांतही चालते. लडाखला ठीक. धुळ्यात हिवाळ्यात पारा पाच-सहापर्यंत उतरतो तेव्हा आपण गारठलो म्हणतो, त्या गारठ्यात लिथियमसुद्धा चालतंच. त्या गुणाचे जास्तीचे पैसे आपण मोजायचं कारण नाही.

मग अजून दुकानात का दिसत नाही? लिथियम स्वस्त झालं म्हणून. २०२२ च्या अखेरीला चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा भाव टनाला सहा लाख युआनच्या घरात गेला होता, तेव्हा सगळे सोडियमकडे धावले. २०२४ मध्ये तोच भाव लाखाच्या खाली आला. कापसाचा भाव चढल्यावर सोयाबीनचा विचार सोडून देतात तसं काहींचं झालं. अमेरिकेतली नॅट्रॉन ही सोडियमवालीच कंपनी २०२५ मध्ये बंद पडली. चीनमध्ये मात्र छोट्या मोटारी आणि स्कूटर रस्त्यावर आल्या आहेत. आपल्याकडे रिलायन्सने २०२२ च्या सुरुवातीला ब्रिटनची फॅराडियन ही सोडियमवाली कंपनी सुमारे १० कोटी पौंडांना घेतली, आणि पुण्यात केपीआयटी कंपनीने आयसर पुणे या संस्थेबरोबर केलेलं काम डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. माझा अंदाज असा की आपल्या घरात ती पहिल्यांदा येईल ती इन्व्हर्टरच्या रूपात, जिथे वजन कुणी बघत नाही.

शेततळ्याची बॅटरी

साक्रीकडून जाताना ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग दिसते आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. सूर्य संध्याकाळी जातो, वारा पावसाळ्यात जोरात आणि नंतर मंद. इतकी वीज साठवायची तर मोबाइलचीच बॅटरी मोठी करून चालेल का? चालते, कंटेनरच्या कंटेनर लावतात. पण दुसरी एक तऱ्हा आहे, फ्लो बॅटरी, आणि ती शेतकऱ्याला समजावायला सगळ्यात सोपी.

विहिरीवर पाच एचपीची मोटार आहे आणि बाजूला शेततळं. एका तासात पाणी किती निघेल हे मोटार ठरवते, ते किती दिवस पुरेल हे शेततळं ठरवतं. जास्त दिवस हवं तर मोटार तीच ठेवून तळं मोठं खणायचं. साध्या सेलमध्ये मोटार आणि तळं एकातच असतात, एक वाढवायला दोन्ही घ्यावी लागतात. फ्लो बॅटरीत ती वेगळी केली आहेत. दोन टाक्यांत व्हॅनेडियम नावाचा धातू आम्लात विरघळवलेला असतो. पंप ते द्रव मधल्या यंत्रातून फिरवतात, तिथे वीज भरते किंवा निघते. ही कल्पना मार्गी लावली ती सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-कझाकोस यांनी, १९८० च्या दशकात. चीनमधल्या दालियनला २०२२ मध्ये अशी एक सुरू झाली, ती चार लाख युनिट साठवते. बहुतेक पाणीच, म्हणून पेटायचा प्रश्न नाही. फक्त व्हॅनेडियम महाग, आणि सगळा पसारा टाक्या-पाइपांचा, गाडीत बसणार नाही.

लोखंड आणि हवेचीही एक आहे. लोखंड गंजताना वीज देतं, चार्जिंग करताना गंज पुन्हा लोखंड होतो. अमेरिकेतली फॉर्म एनर्जी ही कंपनी तिच्यावर शंभर तास वीज देण्याचं म्हणते. भरलेल्या विजेतली बरीच वाटेत वाया जाते, पण लोखंडाहून स्वस्त काय असणार?

जाता जाता, सौर कृषिपंपाला बॅटरी नसते हे कुणाच्या लक्षात आलंय का? ऊन आहे तोवर पाणी ओढायचं आणि टाकीत, तळ्यात भरून ठेवायचं. सगळ्यात स्वस्त बॅटरी तीच.

सॉलिड स्टेट नावाच्या बॅटरीचीही खूप हवा आहे. आतला ज्वालाग्राही द्रव काढून घन पदार्थ घालायचा, म्हणजे ग्रॅफाइटच्या जागी शुद्ध लिथियम वापरता येईल आणि तेवढ्याच वजनात वीज बरीच जास्त मावेल. अडचण अशी की चार्जिंग करताना लिथियमचे बाभळीच्या काट्यांसारखे काटे उगवतात आणि घन पदार्थालाही भेदून पलीकडे पोचतात. टोयोटाने २०२७-२८ चा वायदा केला आहे. आधी ती मोठ्या मोटारींत येईल, मग कधीतरी आपल्यापर्यंत. त्यासाठी आज कुणी स्कूटर घ्यायची थांबू नये.

भंगारात काय मिळतं

एका बाबतीत शिशाची म्हातारी अजून सगळ्यांवर भारी आहे. मेली तरी भंगारवाला किलोवर पैसे देऊन नेतो, नवी घेताना दुकानदार किंमत वळती करून देतो आणि जवळजवळ सगळं शिसं पुन्हा बॅटरीत येतं. ते वितळवण्याचं काम कुठे कुठे उघड्यावर, माणसांच्या फुप्फुसांच्या जिवावर होतं हा भाग वेगळा. लिथियमच्या मेलेल्या पॅकला आपल्या बाजारात हात लावायला कुणी तयार नसतं. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि आयात करणाऱ्यावर आहे. तालुक्याच्या गावी ते गोळा करणारं माणूस मला अजून भेटायचंय. लोह-फॉस्फेट आणि सोडियम यात तर कोबाल्ट-निकेलसारखं महाग काहीच नाही, म्हणजे वेचणाऱ्यालाही फारसं सुटत नाही. जे घेताना स्वस्त, ते टाकताना कुणाचंच नाही.

आमचा पंप दोन दिवसांनी तयार झाला. दुरुस्तीवाल्याने लोह-फॉस्फेटचे चार जाड सेल घातले, वर हिरवी बीएमएसची पट्टी, आणि १४.६ व्होल्टला थांबणारा नवा चार्जर दिला. पंपाच्या बुडावर मार्करने '१४.६' लिहून दिलं. आबांनी पंप उचलून पाठीवर टाकून बघितला, पट्टे ओढले आणि विचारलं, "आन मीठनी कधळ यी?" तो म्हणाला, आली की आधी तुम्हाला दाखवतो, आबा. मग टेबलावरचा जुना चार्जर घेतला आणि आम्ही नको म्हणायच्या आत त्याची पिन पकडीने छाटून टाकली.